मीडियाविकी गिटमधून बसवणं आणि अपडेट करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाचा इतिहास, एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह, संस्थेची कागदपत्रं असं काहीबाही जमवून स्वतःचा मराठी विकी चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. असे तीन छोटे विकी मी सांभाळतो. तेच ते प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. आदेश आणि फाइलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

मीडियाविकी म्हणजे काय, आणि त्याचा कोड असतो कुठे?

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते मीडियाविकी. ते पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेली पहिली पीएचपी आवृत्ती जानेवारी २००२ मध्ये विकिपीडियावर सुरू झाली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ते नव्याने लिहून काढलं. आजचं मीडियाविकी त्या दुसऱ्या लिखाणातून वाढलेलं आहे. मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला, म्हणजे तोही जवळजवळ तितकाच जुना.

कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणाली असतात. मीडियाविकीचा कोड आधी त्यातल्या सीव्हीएसमध्ये होता, मग सबव्हर्जनमध्ये गेला आणि मार्च २०१२ मध्ये गिटवर आला. मूळ रेपो (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, गेरिट सर्व्हरवर आहे. तिथून क्लोन करायला, म्हणजे आपल्याकडे प्रत उतरवायला, खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. गिटहबवर दिसते ती त्याची आरसाप्रत. वाचायला आणि क्लोन करायला ती चालते, पण बदल सुचवायचे तर गेरिटवरच जावं लागतं.

तयार टारबॉल (एकाच फाइलीत बांधलेला सगळा कोड) उतरवून काम होतं. मग गिट कशाला?

वर्षातून एकदा अपडेट करत असाल आणि सर्व्हरवर गिटच नसेल, तर टारबॉल वापरा. त्यात काही कमीपणा नाही.

पण गिटमुळे दोन गोष्टी हाती लागतात. एक, सुरक्षेची दुरुस्ती आली की फक्त बदललेल्या ओळी उतरतात आणि काम दोन मिनिटांत होतं. टारबॉलच्या वेळी नवं फोल्डर, जुन्या फाइली हलवणं, काहीतरी विसरणं हे सगळं येतं, आणि मग ‘पुढच्या रविवारी करू’ म्हणत सहा महिने निघून जातात. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ‘गिट स्टेटस’ दिलं की मूळ कोडात कुणी हात घातलाय का ते लगेच दिसतं. सर्व्हर दुसऱ्याकडून ताब्यात घेतला असेल तर हा आदेश सगळ्यात आधी द्या. घुसखोराने एखादी पीएचपी फाइल बदलली असेल तर तीही बहुतेक वेळा इथेच उघडी पडते. फक्त ज्या फोल्डरांकडे गिट मुद्दाम दुर्लक्ष करतं, उदाहरणार्थ ‘इमेजेस’, ती वेगळी तपासायला हवीत.

कोणती ब्रँच (कोडाची समांतर शाखा) घ्यायची?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि ‘मास्टर’ क्लोन करून मोकळे होतात. ते करू नका. मास्टर म्हणजे आज दुपारी कुणीतरी घातलेला कोड. तो चालेलही, पण त्याच्याशी जुळणारी एक्स्टेन्शन्स (विकीत जादा सोयी घालणारे जोडभाग) तुमच्याकडे असतीलच असं नाही.

प्रत्येक आवृत्तीची वेगळी ब्रँच असते. १.४३ साठी ‘आरईएल१_४३’, १.४४ साठी ‘आरईएल१_४४’. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. दर दोन वर्षांनी येणारी एक आवृत्ती दीर्घकाळ सांभाळली जाते आणि तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. १.३५, १.३९ आणि १.४३ या तशा आवृत्त्या. १.४३ डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि तिला डिसेंबर २०२७ पर्यंत आधार आहे. नोकरी सांभाळून विकी चालवणाऱ्या माणसाने दीर्घकालीन आवृत्तीवरच राहावं, असं माझं ठाम मत आहे.

पीएचपीची आवृत्ती आधी बघा. १.३९ ला ७.४ मालिका पुरत होती, १.४३ ला पीएचपी ८.१ किंवा त्यापुढची लागते. शेअर्ड होस्टिंगवर गाडी बहुधा इथेच अडते.

ब्रँच घ्यायची की टॅग?

ब्रँच. टॅग म्हणजे एका आवृत्तीवरची खूण (उदाहरणार्थ १.४३.०). तो एका क्षणाला गोठलेला असतो. टॅगवर उभं राहून ‘गिट पुल’ (नवे बदल खेचून घेण्याचा आदेश) दिलं तर ‘तुम्ही कोणत्याच ब्रँचवर नाही’ असं उत्तर मिळतं, आणि नवखा माणूस घाबरतो. ब्रँचवर असाल तर १.४३.१, १.४३.२ मधल्या दुरुस्त्या पुलमध्ये आपोआप येतात.

विकिपीडिया स्वतः मास्टरवर चालतो असं ऐकलं. मग आपण का नाही?

जवळपास खरं आहे. विकिमीडियाकडे दर आठवड्याला मास्टरमधून नवी ब्रँच निघते. मंगळवारी ती चाचणीच्या विकींवर जाते, बुधवारी विकिस्रोत-विक्शनरीसारख्या प्रकल्पांवर आणि गुरुवारी बहुतेक विकिपीडियांवर. मराठी विकिस्रोतावर बदल आदल्या दिवशी दिसतो आणि मराठी विकिपीडियावर दुसऱ्या दिवशी, त्याचं कारण हे. पण त्या तीन दिवसांत त्रुटींच्या नोंदींवर डोळा ठेवून बसलेली माणसं असतात आणि बिघडलं तर आठवड्याचा सगळा बदल मागे घेतला जातो. आपल्याकडे रात्री अकरा वाजता एकटेच आपण असतो.

पहिल्यांदा बसवताना क्रम काय?

१. ‘गिट क्लोन’ देताना त्यातच हवी ती ब्रँच सांगा (‘--ब्रँच आरईएल१_४३’).
२. फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’ द्या.
३. डेटाबेस आणि त्याचा वेगळा वापरकर्ता तयार करा. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा) पासवर्ड विकीला देऊ नका.
४. ब्राउझरमधून किंवा टर्मिनलवरून इन्स्टॉलर चालवा. तो ‘लोकलसेटिंग्ज डॉट पीएचपी’ तयार करून देतो.
५. ती फाइल मुख्य फोल्डरमध्ये ठेवा आणि तिची वाचण्याची परवानगी आवळा. डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो.

लोक चुकतात ते दुसऱ्या पायरीवर. आरईएल ब्रँचमध्ये सोबतची एक्स्टेन्शन्स, व्हेक्टरसारख्या स्किन्स (विकीची बाह्यरूपं) आणि बाहेरच्या लायब्ररींचं ‘व्हेंडर’ फोल्डर हे सगळे सबमॉड्यूल, म्हणजे मुख्य रेपोत जोडलेले वेगळे रेपो, असतात. नुसत्या क्लोनने त्यांची रिकामी फोल्डरं येतात, आतलं सामान येत नाही. मग ‘बाहेरच्या लायब्ररी बसवा’ अशी त्रुटी येते, किंवा विकी उघडतो पण ठरवलेली स्किन सापडत नाही म्हणून उघडंबोडकं पान दिसतं. यातलं काही दिसलं तर आधी सबमॉड्यूलचा आदेश पुन्हा द्या.

मग कंपोजर कधी वापरायचा?

व्हेंडर फोल्डर भरायचे दोन मार्ग आहेत: सबमॉड्यूल किंवा कंपोजर (पीएचपीच्या लायब्ररी उतरवून देणारं साधन). एकच निवडा आणि त्यावर टिकून राहा. दोन्ही मिसळले की कंपोजर व्हेंडरमधल्या फाइली बदलतो आणि पुढच्या अपडेटला गिट ‘इथे बदल झालेत’ म्हणून अडून बसतं.

सोबत येणाऱ्या एक्स्टेन्शन्सवर भागत असेल तर सबमॉड्यूल पुरे. सिमँटिक मीडियाविकीसारखं कंपोजरनेच बसवायचं काही हवं असेल तर कंपोजरचा मार्ग धरा. त्यासाठीच्या नोंदी ‘कंपोजर डॉट लोकल डॉट जेसन’मध्ये करा, मूळ ‘कंपोजर डॉट जेसन’ला हात लावू नका. चालत्या सर्व्हरवर ‘--नो-डेव्ह’ विसरू नका, नाहीतर चाचण्यांसाठीचं नको ते सामानही येऊन बसतं.

सर्व्हरवर जागा कमी आहे, नेटही हळू आहे.

क्लोन करताना ‘--डेप्थ १’ द्या. वीस वर्षांचा इतिहास न येता फक्त शेवटची स्थिती उतरते. पुढे इतिहास हवासा वाटला तर ‘गिट फेच --अनशॅलो’ने मागवता येतो.

वेगळी एक्स्टेन्शन्स कशी घ्यायची?

विकिमीडियाच्या गेरिटवर प्रत्येक एक्स्टेन्शनचा स्वतंत्र रेपो असतो. ‘एक्स्टेन्शन्स’ फोल्डरमध्ये जाऊन तो क्लोन करा, आणि ब्रँच मुख्य मीडियाविकीची असेल तीच घ्या. मुख्य कोड आरईएल१_४३ आणि एक्स्टेन्शन मास्टरचं, अशी जोडी लावली की पांढरं पान दिसण्याची वाट बघायची. गेरिटबाहेरच्या काही एक्स्टेन्शन्सना आरईएल ब्रँच नसते. तिथे त्यांच्या सूचना वाचून जुळणारी आवृत्ती घ्यावी लागते.

एक छोटी वही, किंवा साधी मजकूर फाइल, जवळ ठेवा: कोणतं एक्स्टेन्शन, कुठून घेतलं, कोणत्या ब्रँचवर आहे. मुख्य फोल्डरमधलं ‘गिट पुल’ या एक्स्टेन्शन्सना अपडेट करत नाही. प्रत्येकात जाऊन वेगळं पुल मारावं लागतं, आणि नावं लिहिलेली नसली की हमखास एखादं राहतं.

पुल केल्यावर माझी लोकलसेटिंग्ज किंवा चित्रं पुसली जातील का?

नाही. गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत ‘लोकलसेटिंग्ज डॉट पीएचपी’ आधीपासून आहे, आणि ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये चढवलेल्या फाइलींनाही गिट हात लावत नाही. मात्र वैतागून ‘गिट क्लीन’ला एक्स हा पर्याय जोडून चालवलात, तर दुर्लक्षित फाइलीसुद्धा जातात. तो आदेश विकीच्या फोल्डरमध्ये कधीही देऊ नका.

अपडेटच्या दिवशी नेमकं काय काय करायचं?

आधी बॅकअप (त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे). मग विकी फक्त वाचनासाठी खुला ठेवा. त्यासाठी लोकलसेटिंग्जमध्ये ‘डब्ल्यूजीरीडओन्ली’ला एक संदेश द्या, पण तो ब्राउझरमधून येणाऱ्यांनाच लागू होईल अशी अट घाला. टर्मिनलवरून चालणाऱ्या स्क्रिप्टना त्यातून वगळलं नाही तर अपडेटची स्क्रिप्टच अडेल. संदेश मराठीत आणि माणसाने लिहिल्यासारखा असू द्या: ‘रात्री दहापर्यंत दुरुस्ती सुरू आहे, वाचन चालू आहे.’

मग ‘गिट पुल’. त्यानंतर पुन्हा सबमॉड्यूल अपडेट (किंवा तुमचा मार्ग तो असेल तर कंपोजर). मग एक्स्टेन्शन्स. शेवटी डेटाबेसची स्क्रिप्ट: १.४० पासून ‘पीएचपी मेंटेनन्स/रन डॉट पीएचपी अपडेट’, त्याआधीच्या आवृत्त्यांत थेट ‘मेंटेनन्स/अपडेट डॉट पीएचपी’. ही स्क्रिप्ट सुरू होण्याआधी पाच सेकंद उलटी मोजणी करते. थांबायचं असेल तर तेवढाच वेळ हातात असतो.

पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) वापरत असाल तर ते रीलोड करा, नाहीतर कधीकधी ऑपकॅशमधला, म्हणजे पीएचपीने स्मृतीत साठवलेला, जुनाच कोड चालत राहतो आणि ‘अपडेट झालंच नाही’ असं वाटतं. मग ‘विशेष’ नामविश्वातलं (पानांच्या गटातलं) आवृत्तीचं पान उघडा. गिटने बसवलं असेल तर तिथे आवृत्तीसोबत कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांकही दिसतो. तो वहीत लिहा. शोध चालतोय का बघा. मगच ‘फक्त वाचन’चं कुलूप काढा आणि लगेच एखादं पान संपादित करून जतन करा, एक चित्र चढवा.

बॅकअपमध्ये काय काय हवं?

डेटाबेस, इमेजेस फोल्डर, लोकलसेटिंग्ज आणि आधीचा कमिट क्रमांक. कोडाचा बॅकअप नसला तरी चालेल, तो जगभर पडलेला आहे. तुमच्या गावातल्या आजींनी सांगितलेल्या ओव्या मात्र तुमच्या डेटाबेसशिवाय कुठेच नाहीत. म्हणून या उत्तरावर मी जास्त वेळ घालवतोय.

डेटाबेसची प्रत (डंप) काढणाऱ्या ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ द्या, म्हणजे इनोडीबी प्रकारात साठवलेल्या तक्त्यांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते. आणि मराठी विकीसाठी आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी विकीवाल्यांच्या सहसा लक्षातही येत नाही: ‘--डिफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=बायनरी’. डंप घेताना आणि परत भरताना, दोन्ही वेळी.

कारण असं. हल्लीच्या आवृत्त्या मजकूर आणि शीर्षकं बायनरी स्वरूपात साठवतात. पण अनेक वर्षांपासून चालत आलेल्या विकींत तक्त्यांवर ‘लॅटिन१’ (युरोपीय अक्षरं साठवायची पद्धत) असं लेबल आणि आत प्रत्यक्षात यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) अशी स्थिती आढळते. डंपच्या वेळी डेटाबेस त्या लेबलवर विश्वास ठेवून रूपांतर करतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. त्यातला प्रत्येक बाइट सुटं अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिला जातो आणि ‘ळ’च्या जागी टोप्या-फुल्या घातलेली युरोपीय अक्षरं उमटतात. रोमन अक्षरांना यात काहीच होत नाही, म्हणून वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

माझ्या हातून हे घडलं आहे. एक विकी नव्या सर्व्हरवर हलवला, मुखपृष्ठ उघडून बघितलं, ते दिसलं, समाधान झालं. दोन दिवसांनी एका कार्यकर्तीचा फोन आला: ‘दादा, वर्गांची नावं वाचता येत नाहीयेत.’ मजकूर शाबूत होता, पण शेकडो शीर्षकं आणि वर्गांची नावं बिघडलेली होती. जुना सर्व्हर अजून बंद केला नव्हता, म्हणून बायनरीचा पर्याय लावून नवा डंप घेता आला. तो बंद केला असता तर प्रत्येक शीर्षक हाताने दुरुस्त करावं लागलं असतं. तेव्हापासून हलवाहलव झाली की जुना सर्व्हर महिनाभर तसाच ठेवतो. त्या महिन्याचे पैसे मला कधीच जड वाटले नाहीत.

डंप घेतला म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. तो रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून बघा आणि जोडाक्षरं असलेली काही शीर्षकं मुद्दाम उघडा. ‘तऱ्हा’, ‘कृष्णाकाठ’, ‘ज्ञानेश्वरी’ अशी. सोबत ‘डंपबॅकअप’ स्क्रिप्टने एक्सएमएल प्रतही काढून ठेवा. तिच्यात सदस्यांची खाती नसतात, पण पानं इतिहासासकट येतात आणि ती कोणत्याही मीडियाविकीत भरता येतात.

अपडेट फसलं. गिटने मागे गेलं की झालं ना?

कोड मागे जाईल, डेटाबेस जाणार नाही. अपडेटची स्क्रिप्ट तक्ते आणि रकाने बदलते, आणि तिला उलटं चालवायची सोय नाही. नव्या रचनेवर जुना कोड लावला तर कधी चालतो, कधी अर्धवट चालतो, आणि अर्धवट चालणं सगळ्यात वाईट. मागे यायचं तर दोन्ही सोबत: वहीतल्या कमिटवर कोड आणि त्या वेळचा डंप. मोठी उडी मारायची असेल तेव्हा मी नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये वेगळी क्लोन करतो, डेटाबेसच्या प्रतीवर चालवून बघतो, आणि मगच खऱ्या दिवसाची तारीख ठरवतो.

आमचा विकी १.२७ वर आहे. थेट १.४३ वर नेता येईल?

एका उडीत नाही. १.३६ पासून धोरण असं आहे की मागच्या दोन दीर्घकालीन आवृत्त्यांपर्यंतच थेट अपडेटची हमी. १.४३ साठी ती सीमा १.३५. आधी १.३५ वर जा, तिथे अपडेट स्क्रिप्ट पूर्ण होऊ द्या, विकी चालतोय याची खात्री करा, मग १.४३. वाटेत पीएचपीही बदलावी लागेल, कारण दोन्ही आवृत्त्यांना एकच पीएचपी सोयीची नाही. हे काम प्रतीवर करा आणि अख्खा दिवस मोकळा ठेवा.

‘तुमचे स्थानिक बदल पुसले जातील’ म्हणत गिट पुल थांबतं.

कुणीतरी मूळ फाइलीत बदल केलाय. ‘गिट डिफ’ने तो वाचा. बहुतेकदा लोगो, एखादा रंग किंवा तळटीप असते, आणि या सगळ्यांसाठी मूळ कोडाबाहेर जागा आहे: लोकलसेटिंग्ज, ‘मीडियाविकी’ नामविश्वातलं सामायिक सीएसएस, किंवा स्वतःचं छोटं एक्स्टेन्शन. बदल तिकडे हलवा, फाइल मूळ स्थितीत आणा, मग पुल करा. बदल समजून न घेता ‘रिसेट --हार्ड’ मारू नका. आधीच्या माणसाने तो कशासाठी केला होता हे कळायचा तेवढा एकच पुरावा असतो.

‘संशयास्पद मालकी’ अशी त्रुटी येते.

एप्रिल २०२२ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून (गिट २.३५.२) दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये गिट काम करायला नकार देतं. ‘सेफ डॉट डिरेक्टरी’मध्ये तो मार्ग नोंदवला की त्रुटी जाते. पण खरा उपाय मालकी नीट करण्याचा आहे. कोड एका साध्या वापरकर्त्याच्या नावावर ठेवा आणि गिट नेहमी त्याच नावाने चालवा, रूटने नाही. वेब सर्व्हरला लिहिण्याची परवानगी फक्त इमेजेस आणि कॅश फोल्डरवर असू द्या.

‘डॉट गिट’ फोल्डर बाहेरून दिसतं. धोका आहे का?

आहे. तिथून तुम्ही नेमके कोणत्या कमिटवर आहात हे कुणालाही कळतं, आणि दुरुस्ती राहिली असेल तर तेही. स्वतःच्या सेटिंग्ज त्याच रेपोत कमिट केल्या असतील तर पासवर्डही गेला म्हणून समजा. एनजिनएक्स किंवा अपाचीच्या सेटिंगमध्ये या फोल्डरकडे जाणारी प्रत्येक विनंती नाकारा आणि दुसऱ्या मशिनवरून खरंच नाकारली जाते का ते बघा.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणाऱ्या सोयीत) रोजचं गिट पुल टाकून ठेवू का?

नको. कोड पुढे जाईल, डेटाबेस मागे राहील, आणि पहाटे तीनला विकी पडल्याचं सकाळी वाचकांकडून कळेल. क्रॉनमध्ये ‘गिट फेच’ (बदल फक्त मागवतं, चालत्या कोडात लावत नाही) टाका आणि नवं काही आलं असेल तर स्वतःला मेल पाठवा. पुल स्वतः जागे असताना करा. सुरक्षेच्या घोषणांची अधिकृत मेल यादीही सुरू करून ठेवा. त्या घोषणेनंतर मात्र आठवडाभर थांबू नका.

मराठी संदेश अपुरे किंवा चुकीचे दिसतात. फाइलच दुरुस्त करू का?

मराठी संदेश ‘लँग्वेजेस/आय१८एन’मधल्या मराठीच्या जेसन फाइलीत असतात. तिथे हात घातलात तर वरचा ‘स्थानिक बदल’वाला प्रश्न तुमच्याच दारात येतो. तातडीची गरज असेल तर आपल्या विकीवर ‘मीडियाविकी’ नामविश्वात त्या संदेशाचं पान तयार करून हवा तो मजकूर लिहा. कायमची दुरुस्ती ट्रान्सलेटविकी या अनुवादाच्या संकेतस्थळावर करा. तिथले अनुवाद नियमितपणे मास्टरमध्ये कमिट होतात आणि पुढच्या आवृत्तीतून सगळ्या मराठी विकींपर्यंत पोचतात. ‘एडिट सोर्स’चं चांगलं मराठी काय, यावर तिथे तुम्हीही मत देऊ शकता.

अंक देवनागरी दिसावेत की इंग्रजी, हे लोकलसेटिंग्जमधल्या ‘डब्ल्यूजीट्रान्सलेटन्यूमरल्स’वर ठरतं. भाषा मराठी ठेवली की मुळात देवनागरीच दिसतात. आणि अपडेटनंतर काही संदेश जुनेच दिसत राहिले तर ‘रीबिल्डलोकलायझेशनकॅश’ ही स्क्रिप्ट चालवा.